तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं?

"मॅडम, केस लय गळून राहिले, तेल कोणतं लावू?" अकोल्यात त्वचारोगाची प्रॅक्टिस करते म्हटल्यावर हा प्रश्न दवाखान्यात येतो, लग्नाच्या पंगतीत येतो, रेल्वेच्या डब्यातही येतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तेलाचं नंतर बघू, आधी मला हे सांगा की तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं?

डोक्यावर साधारण 1 लाख केस असतात. एकेक केस 2 ते 6 वर्षं वाढतो, मग त्याची वाढ थांबते, आणि पुढे जवळपास तीन महिने तो नुसता जागेवर बसून राहतो. मग गळतो, आणि त्याच जागी नवा येतो. रोज 50 ते 100 केस जाणं हे म्हणूनच निरोगीपणाचं आहे. गळलेल्या केसाच्या टोकाला पांढरा ठिपका दिसला की "मुळासकट आला" म्हणून जीव घाबरा होतो. पण ते मूळ नव्हे. मूळ त्वचेच्या आत शाबूत असतं.

आता शरीराला मोठा धक्का बसला, डेंगू झाला, टायफॉईड झाला, ऑपरेशन झालं, तर एकाच वेळी पुष्कळ केसांची वाढ थांबते. ते लगेच गळत नाहीत. दोन-तीन महिने डोक्यावरच असतात आणि मग कंगव्यात येतात. तोवर माणूस ताप विसरलेला असतो आणि दोष जातो परवा आणलेल्या शाम्पूवर. 2021 च्या उन्हाळ्यात कोविडची दुसरी लाट ओसरली आणि पावसाळ्यात माझ्याकडे केस गळणाऱ्यांची रांग लागली. बाळंतपणाचंही तसंच. गरोदरपणात इस्ट्रोजेन हे हार्मोन वाढलेलं असतं, गळायचे केसही टिकून राहतात, वेणी दाट दिसते. बाळ दोन ते चार महिन्यांचं झालं की ते सगळे थांबलेले केस एकदम जातात. रात्र रात्र जागणारी मुलगी आधीच थकलेली असते, त्यात घरातलं कोणी म्हणतं, डिंकाचे लाडू नीट खाल्ले नाहीस म्हणून. तिला मी शांतपणे सांगते की यात तुझं काही चुकलेलं नाही. बाळाचा पहिला वाढदिवस येईपर्यंत बहुतेकींचे केस भरून येतात.

लग्नाआधी वजन उतरवायला जेवण तोडणाऱ्या मुलींची गळती लग्नानंतर सुरू होते, आणि मग निष्कर्ष निघतो, "सासरचं पाणी मानवलं नाही." आमच्याकडे पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा असल्यामुळे पाण्यावर संशय घेणं फार सोपं. खाऱ्या, जड पाण्यानं केस रखरखीत होतात, मधूनच तुटतात हे खरं. पण मुळापासून गळण्याला बहुधा वेगळंच कारण असतं.

शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात घडलेलं म्हणूनच इतकं चक्रावणारं होतं. डिसेंबर 2024 च्या अखेरीस आणि जानेवारी 2025 मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांना तीन-चार दिवसांत टक्कल पडू लागलं. बायका, पुरुष, पोरं, सगळ्यांना. तीन महिने नव्हे, तीन दिवस! केस वाढत असतानाच थेट त्यांच्या मुळावर घाला पडल्याशिवाय एवढ्या वेगानं जात नाहीत. केमोथेरपीत किंवा विषबाधेत असं होतं. सुरुवातीला इथंही पाण्यावर आणि बुरशीवर संशय गेला. पुढे रुग्णांच्या शरीरात सेलेनियम नावाचं खनिज वाढलेलं आढळलं, आणि विंचूदंशावरच्या कामासाठी महाराष्ट्र ज्यांना ओळखतो त्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. एप्रिलमध्ये त्याच भागात लोकांची नखं गळू लागल्याच्या बातम्या आल्या. केस आणि नखं दोन्ही जाणं ही सेलेनियमच्या विषबाधेची पुस्तकात लिहिलेली खूण आहे. यात संसर्गाचा प्रश्नच नव्हता, तरी "टक्कल व्हायरस" हे नाव पसरलं, याचा मला अजून राग येतो. आजारापेक्षा ते नाव त्या गावांतल्या लोकांना जास्त भोवलं.

हे सांगते कारण तेच सेलेनियम केसांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ गोळ्यांत असतं. थोडं लागतंच, पण एक ब्रँड डॉक्टरांचा, दुसरा मैत्रिणीनं सुचवलेला, असं दोन-तीन एकदम घेऊ नका. जास्त झालेलं अ जीवनसत्त्वही केस घालवतं. आणि बायोटिन, म्हणजे केसांच्या गोळ्यांतलं एक जीवनसत्त्व, चालू असेल तर थायरॉईडची तपासणी चुकीची येऊ शकते, तेव्हा रक्त देण्याआधी डॉक्टरांना सांगा.

रक्त तपासायचं ते हिमोग्लोबिनसाठी, थायरॉईडसाठी आणि फेरिटिनसाठी, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्यासाठी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. पाळीत जास्त रक्त जातं, सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं जेवायचं, वर लगेच चहा प्यायचा, आणि चहा अन्नातलं लोह शोषू देत नाही. अशा बाईला मी तेल काय लिहून देऊ? पाळी अनियमित आणि हनुवटीवर राठ केस असतील, तर पीसीओएसचाही, म्हणजे अंडाशयाशी निगडित हार्मोन्सच्या बिघाडाचाही, विचार करावा लागतो.

आता, तीन महिन्यांपूर्वी काहीच झालं नव्हतं, केस हळूहळू वर्षानुवर्षं विरळ होतायत, असं उत्तर आलं तर रोख आनुवंशिकतेकडे जातो. पुरुषांत टेस्टोस्टेरॉनपासून बनणाऱ्या डीएचटी या हार्मोनमुळे कपाळाच्या कडेची आणि टाळूवरची मुळं आक्रसत जातात, दर खेपेला येणारा केस आधीपेक्षा बारीक आणि आखूड असतो. बायकांत कपाळाची रेषा बहुधा टिकते, भांग मात्र रुंदावतो. आईच्या वडिलांकडे बघून अंदाज बांधतात तो अर्धाच खरा, वडिलांकडूनही हा वारसा येतो. हेल्मेटचा यात काही दोष नाही, कृपा करून ते घालत जा. मिनोक्सिडिल आणि पुरुषांसाठी फिनास्टेराइड ही औषधं उपयोगी आहेत, पण डॉक्टरांच्या सल्ल्यानं, आणि चालू ठेवली तरच. मिनोक्सिडिलच्या पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढते, कारण जुने थांबलेले केस नव्यांना जागा देतात. नेमकं तिथंच घाबरून अनेक जण बाटली टाकून देतात.

गोल, गुळगुळीत चाई पडली तर ते किड्याचं काम नाही. आपलीच प्रतिकारशक्ती मुळांवर उलटलेली असते. लसूण घासून त्वचा भाजून घेऊ नका, यावर उपचार आहेत. आणि डोक्यात आग होत असेल, पू येत असेल, किंवा केस गेलेल्या जागेची त्वचा चकचकीत होऊन छिद्रं दिसेनाशी झाली असतील, तर थांबू नका. तिथं मूळच मरत असतं, आणि उशिरानं ते परत आणता येत नाही.

दवाखान्यात येताना मोबाइलमधला वर्षभरापूर्वीचा, भांग दिसेल असा फोटो शोधून ठेवा, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत आणा, रक्तदाबाच्या आणि वजनाच्या औषधांचीसुद्धा.