एकच रेघ

पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवून तो म्हणाला, "ताई, एकच रेघ आली. बरा झालो मी."

पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांसाठीच्या एका प्रकल्पात मी समुपदेशक आहे. दर सहा महिन्यांनी प्रत्येकाची एचआयव्ही तपासणी व्हावी म्हणून मागे लागायचं, हे काम. सरकारी केंद्रात तपासणी फुकट असते, पण रांगेत चुलता भेटला तर काय सांगायचं? त्यामुळे घरी करायचं किट आलं तेव्हा पोरं खूश झाली. वरच्या हिरडीवरून पट्टी एकदा फिरवायची, खालच्या हिरडीवरून एकदा, मग द्रावणात उभी करायची. 20 मिनिटांनी बघायचं, 40 मिनिटं उलटली की दिसेल ते धरायचं नाही. एक रेघ म्हणजे निगेटिव्ह; दोन रेघा आल्या तरी लगेच पॉझिटिव्ह म्हणायचं नाही, केंद्रात जाऊन पक्कं करायचं. हे मी झोपेतही सांगेन. साहेबांना मात्र किट किती 'गेली' तेवढंच हवं असतं.

पेढे आणणारा हा चार वर्षं एआरटीच्या, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या गोळ्या घेतोय. त्याला किट द्यायचंच नव्हतं. पण त्याच्या मित्राला एकट्यानं करायची भीती वाटली, "तू पण कर ना, धीर येईल." मित्राला याचं काही माहीत नाही. नको म्हटलं असतं तर संशय आला असता. दोन रेघा येणार, पट्टी पटकन लपवायची, असं ठरवून हा बसला. आली एक. दुसऱ्या दिवसापासून गोळ्या बंद. त्याला पाच आठवडे होऊन गेले होते.

मी समजावलं. हे किट विषाणू शोधत नाही, त्याच्याविरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं शोधतं. गोळ्यांनी विषाणू दबला की ती कमी होऊ शकतात, मग दुसरी रेघ उमटत नाही. विषाणू आतच असतो. गोळ्या चालू असणाऱ्यानं ही तपासणी करूच नये. माहितीपत्रकात आहे हे, अगदी बारीक अक्षरात.

त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पण मागच्या वेळी रक्तात विषाणू किती ते मोजलेला व्हायरल लोडचा कागद बघून तुम्हीच म्हणालात ना, आता विषाणू दिसत नाही?"

म्हणाले होते. हसून, पाठ थोपटून म्हणाले होते. 'दिसत नाही' आणि 'नाही' यातला फरक तेव्हा सांगितला होता का, तेच आठवत नाही. त्याला मात्र माझं वाक्य शब्दन् शब्द पाठ होतं.

त्याच दुपारी त्याला घेऊन एआरटी सेंटरला गेले. डॉक्टर रागावल्या, माझ्यावर जास्त. रक्त घेतलं, गोळ्या पुन्हा सुरू केल्या. रिक्षात तो अवाक्षर बोलला नाही.

ऑफिसात परत आले तर मासिक अहवाल निघाला होता. त्यात मित्र आणि हा, दोघंही 'नवीन तपासणी, निगेटिव्ह'. दुरुस्त करा म्हटलं तर साहेब म्हणाले, "गेलाय आता वर. पुढच्या महिन्यात बघू." आणि पुड्यातला पेढा उचलून विचारलं, "कुणाचे?"

"एका मुलाचा निकाल लागला," मी म्हणाले.