आमची वाटचाल : साडेपाच ते नऊ

आमचं हॉटेल अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, बर्नालिओ गावात आहे. अल्बुकर्कीच्या थोडं उत्तरेला, हायवे ५५० जिथे आय-२५ या मोठ्या महामार्गाला मिळतो त्या नाक्याजवळ. नदीपलीकडे रिओ रँचो. तिथून सांता फेला किंवा लॉस अलामोसला नोकरीला जाणारी बरीच मंडळी सकाळी रिओ ग्रांदेवरचा पूल ओलांडून आमच्या दारावरून जातात. कुणी तसाच आय-२५ धरतो, कुणी स्टेशनवर गाडी लावून ‘रेल रनर’ ही लोकल ट्रेन पकडतो. या घाईतल्या माणसाच्या हातात गरम बरिटो, म्हणजे टॉर्टियात (मैद्याच्या पातळ पोळीत) सारण घालून वळलेली गुंडाळी, ठेवायचा, हा आमचा धंदा. दुपारचं जेवणही आम्ही देतो, पण भाडं, पगार आणि कर्जाचा हप्ता निघतो तो साडेपाच ते नऊ या वेळेत.

हॉटेल आम्ही सुरू केलेलं नाही, चालू घेतलं. आधीच्या मालकीणबाईंचं वय झालं होतं आणि मुलांना यात रस नव्हता. नवऱ्याची कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात नोकरी, मी घरी. माझी आई जळगावला डबे द्यायची, त्यामुळे ‘नऊच्या आत डबा निघालाच पाहिजे’ ही शिस्त मला नवी नव्हती. बाईंनी अट एकच घातली: चिलीच्या, म्हणजे इथल्या मिरचीच्या, कृतीला हात लावायचा नाही. मी कबूल केलं, आणि पुढचे काही महिने त्यांच्याच हाताखाली शिकले. मला त्या ‘मिहा’ म्हणायच्या, म्हणजे आपल्याकडे म्हातारी माणसं कुणालाही ‘बाळा’ म्हणतात तसं. चिली कमी घातली की तोच ‘मिहा’ वेगळ्या सुरात यायचा.

इथल्या चिलीबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत. लांबट, जाड सालीची ही मिरची राज्याच्या दक्षिणेला हॅचच्या खोऱ्यात पिकते. आज जो वाण ‘न्यू मेक्सिकन’ म्हणून ओळखला जातो त्याचा पाया फाबियान गार्सिया यांनी घातला. मेक्सिकोत जन्मलेले हे शास्त्रज्ञ इथल्या कृषी महाविद्यालयात होते, आणि त्यांचा ‘न्यू मेक्सिको नंबर ९’ हा वाण १९२१ मध्ये आला. ऑगस्ट-सप्टेंबरात गावोगावी जाळीचे पिंप गॅसच्या ज्वाळेवर फिरतात आणि पोत्यांनी मिरची भाजली जाते. २०२३ मध्ये या वासाला राज्याचा अधिकृत वास म्हणून कायद्याने मान्यता मिळाली. ज्याने तुरकाठ्यांवर भरताची वांगी भाजलेली पाहिली आहेत, त्याला हे वेड समजावून सांगावं लागत नाही. तिखटपणा म्हणाल, तर खानदेशी जिभेला ती मिरची फिकीच. पण चव आहे.

वर्षभराची चिली आम्ही त्या दीड-दोन महिन्यांतच भरून ठेवतो. भाजलेली मिरची गरम असतानाच पिशवीत बांधून ठेवायची. वाफेने साल सुटते. मग सोलायची, देठ आणि थोड्या बिया काढायच्या, जाडसर चिरून फ्रीजरला टाकायची. वर्षातलं सगळ्यात मोठं बिल याच वेळी येतं. बाहेरच्या राज्यातली स्वस्त मिरची घ्या, असं सुचवणारे दरवर्षी भेटतात. पण इथे पिकली नसेल तर ‘न्यू मेक्सिको चिली’ म्हणून विकायला कायद्यानेच बंदी आहे, आणि गिऱ्हाईक तर पहिल्या घासालाच ओळखतं.

ब्रेकफास्ट बरिटो हे नाव मेनूवर पहिल्यांदा छापल्याचा मान सांता फेचं ‘टिया सोफियाज्’ हे हॉटेल सांगतं, १९७५ चा. तो बरिटो मात्र बशीतला: वरून चिली आणि चीज ओतलेला, काट्याने खायचा. आमच्या आधीच्या मालकीणबाईही तसाच देत. चव अप्रतिम, पण गिऱ्हाईक बसलं पाहिजे. मला दिसत होते ते लोक बसणारे नव्हतेच. दारात गाडी चालू ठेवून ‘किती वेळ लागेल?’ विचारायचे आणि ‘दहा मिनिटं’ ऐकून निघून जायचे. म्हणून कृती तीच ठेवून आम्ही बांधणी बदलली. बाजूच्या भिंतीला खिडकी पाडली आणि सकाळचा मेनू चारच प्रकारांवर आणला: बेकन, चोरिझो (मसालेदार सॉसेज), कार्ने अडोवाडा (लाल चिलीत मुरवलेलं डुकराचं मांस) आणि बिनमांसाचा.

एका हाताने, स्टिअरिंगवर बसून, शर्टावर थेंब न सांडता खाता येईल असा बरिटो करणं वाटतं तितकं सोपं नाही. बारा इंची टॉर्टिया घेतली तर तो मुठीत मावत नाही, म्हणून आमची दहा इंची. ती तव्यावर फुगे येईपर्यंत गरम करायची, नाहीतर घडीवर फाटते. आधी चीज, म्हणजे ते वितळून तळ धरून ठेवतं. त्यावर अंडं, मग बटाटा, आणि चिली बरोबर मधोमध. चिली आधी चाळणीवर निथळून घेतो. उरलेलं पाणी बटाटा पितो. बटाटे आदल्या दिवशी उकडून गार केलेले असतात, सकाळी फक्त तव्यावर खरपूस करायचे. ताज्या उकडलेल्या बटाट्याचा लगदा होतो. शेवटी फॉइल. त्यावर मार्करने अक्षर: हिरव्या चिलीचा, लाल चिलीचा, की दोन्ही घातलेला ‘ख्रिसमस’. एका टोकाला फॉइलचा पीळ सैल ठेवतो, तिथून सोलत जायचं.

समुद्रसपाटीपासून पाच हजार फुटांवर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे राजम्यासारख्या पिंटो बीन्स शिजता शिजत नाहीत. बाई त्या रात्रभर मंद आचेवर ठेवायच्या. मी मोठा प्रेशर कुकर आणला. कृतीला हात लावायचा नाही ही अट चिलीपुरती होती, बीन्सपुरती नाही, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी चाखून मान हलवली, पण कुकरकडे बघणं टाळलं ते टाळलंच. बीन्सची दोन भांडी वेगळी लागतात. एक डुकराच्या चरबीचं, एक तेलाचं. टॉर्टियाही वनस्पती चरबीतल्याच घेतो. रिओ रँचोत भारतीय घरं आहेत, श्रावणात अंड्याविना बटाटा-बीन्सच्या बरिटोची मागणी चांगलीच वाढते.

‘यात थोडा गरम मसाला घाला, पनीर घाला, वेगळं काही करा,’ हा सल्ला आम्हाला इतरांपेक्षा आपल्याच लोकांकडून जास्त मिळाला. घातला नाही. सकाळी सहाला माणसाला नवलाई नको असते, कालचीच चव हवी असते. हा माझा हट्ट म्हणा. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या ताई मेक्सिकोतल्या चिहुआहुआच्या आहेत. त्यांच्याकडचा बरिटो बारीक, एकाच सारणाचा. आमच्या या जाडजूड प्रकाराला त्या अजूनही हसतात, आणि सगळ्यात घट्ट वळतात त्याच.

मार्च २०२० मध्ये रेल रनर थांबली, ती जवळपास वर्षभर. कार्यालयं घरी गेली आणि आमची सकाळ बसली. तेव्हा जे कामावर जातच होते, म्हणजे नर्स, रस्त्याच्या कामावरचे मजूर, ट्रकवाले, त्यांनी खिडकी जगवली. आदल्या रात्री फोनवर मेसेज करून ऑर्डर द्यायची पद्धत तेव्हाच पडली. गाडी सुरू झाल्यावरही जुनी गर्दी तशीच्या तशी परतली नाही. सोमवारी आणि शुक्रवारी बरेच जण घरूनच काम करतात, म्हणून त्या दिवशी बटाटे कमी उकडतो.

दुसरा दणका अंड्यांचा. बर्ड फ्लूमुळे मार्च २०२५ मध्ये अमेरिकेत डझनाचा सरासरी भाव सहा डॉलर तेवीस सेंटवर गेला. अंडं कमी करून बटाटा वाढवणं सोपं होतं. आम्ही किंमत वाढवली आणि कारण खिडकीवर लिहून लावलं. कुरकुर झाली, पण ओळखीची माणसं तुटली नाहीत. भाव उतरल्यावर किंमत थोडी खाली आणली, तेव्हा मात्र कुणी काही बोललं नाही!

ऑक्टोबरच्या सुरुवातीला अल्बुकर्कीत बलून फिएस्टा, म्हणजे गरम हवेच्या फुग्यांचा उत्सव, असतो. उजाडायच्या आत लोक मैदानाकडे निघतात, आणि त्या आठवड्यात आम्ही साडेतीनलाच तवा तापवतो. घरचे सगळे कामाला लागतात, नवराही सुट्टी काढून फॉइल गुंडाळतो. त्याची तक्रार एकच: दक्षिणेला बेलेनच्या स्टेशनजवळ दुसरी खिडकी का काढत नाही? माझं उत्तर ठरलेलं आहे. चिहुआहुआच्या ताईंसारखी वळणारी आणखी एक मिळू दे, मग जागा बघू. तोवर आम्ही इथेच, सोमवार ते शनिवार. मेसेज रात्री नऊच्या आत करा.