नऊ रिझ्युमे, एकच निळी बॉर्डर

चाकणला एका छोट्या मशीन शॉपमध्ये एचआर बघते मी, म्हणजे पीएफपासून कँटीनच्या भांडणापर्यंत सगळंच. मागच्या पावसाळ्यात सेकंड शिफ्टचा व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी, धातू कापायची मशीन) ऑपरेटर न सांगता सोडून गेला, मशीन उभी आणि प्रॉडक्शनवाले साहेब दर तासाला माझ्या दारात.

टेबलावर १७ रिझ्युमे. त्यातले ९ एकाच सायबर कॅफेतून निघालेले, तीच निळी बॉर्डर, तेच चॅलेंजिंग एन्व्हायर्नमेंटमध्ये काम करायचं ऑब्जेक्टिव्ह, छंद म्हणजे क्रिकेट आणि गाणी ऐकणे. धर्म, जात, लग्न झालंय का, दहावीचे टक्के, सगळं होतं. मशीनवर काय केलं? तर "एक्सपिरियन्स ३ इयर्स". बास. एकात तर खाली "वरील माहिती खरी आहे" आणि त्याखाली भलत्याच पोराचं नाव! तो मी बाजूलाच टाकला.

पण पोरगा बाहेर बाकावर बसलेला, सोलापूरकडचा, निम्मा भिजलेला, फाईल मात्र प्लास्टिकच्या पिशवीत कोरडी. म्हटलं निदान सांगावं तरी.

"अरे, हे नाव कुणाचं?"

"मॅडम, कॅफेवाल्यानं प्रिंट दिली, मी घेऊन आलो. इंग्लिश एवढं वाचता येत नाही."

मग सहज विचारलं, रोज करतोस काय, तर गडी सुटलाच. ॲल्युमिनियमचं हाउसिंग, फॅनुक कंट्रोल (मशीन चालवणारा कॉम्प्युटर), डायल लावून जॉब सरळ करतो, ऑफसेट घेतो म्हणजे जॉब नेमका कुठंय ते मशीनला देतो, पहिल्या पीसचं बोअर, म्हणजे भोक, गेजनं मोजून मग क्यूसीला तपासायला, बोअरला २० मायक्रॉनचा (०.०२ मिमी) टॉलरन्स. "आणि नाईटला सेटर नसतो ना मॅडम, मग सेटिंगपण मीच करतो, पण माझं पद ऑपरेटरच आहे म्हणून ते लिवलं नाही." आता आमच्याकडे सेटर, म्हणजे मशीन जॉबसाठी लावून देणारा, आणि ऑपरेटरच्या पगारात बराच फरक आहे आणि हा बाबा तेच लपवून बसलेला!

साहेबांनी त्याला शॉपवर नेलं. इन्सर्ट (टूलचं कापणारं पातं) बदलल्यावर कुणी न सांगता त्यानं टूलची लेंथ परत घेतली, साहेब तिथंच म्हणाले घेऊन टाका.

फाईलला नीट कागद हवा म्हणून मी स्वतः लिहून दिला, एकच पान. वर मशीन, कंट्रोल, मटेरियल, टॉलरन्स, मोजायला काय काय येतं ते, नाईटची सेटिंग वेगळ्या ओळीत, खाली आयटीआय मशीनिस्ट, २ वर्षं. जातधर्म काढलं. छंद ठेवू का विचारलं तर म्हणाला, "नको मॅडम, मी क्रिकेट खेळतच नाही." टाईप करायला तो परत त्याच कॅफेत गेला, जवळचा तोच.

दिवाळीनंतर वेल्डरची जागा निघाली. निळ्या बॉर्डरचे ४ रिझ्युमे आले, चौघांनाही फॅनुक येतं, चौघांचाही बोअर २० मायक्रॉनमध्ये, नाईटची सेटिंग वेगळ्या ओळीत. त्यातला एक तर वायरमन होता.

क्रिकेट तेवढं गेलं होतं.