एका लॉगिनसाठी सव्वीस दिवस: माझा अनुभव

गावाकडच्या म्हाताऱ्या माणसांना शेवटचे दिवस घरी काढायचे असतात की दवाखान्यात, हा माझ्या पीएचडीचा विषय. आजीला दवाखान्यातून घरी न्यायचं की नाही, यावर आमच्याकडे तीन दिवस वाद चालला होता. तेव्हापासून हा प्रश्न डोक्यातून गेलेला नाही. नोंदणी, विषयाची मंजुरी वगैरे वेळेत झालं. अडकले ती लायब्ररीच्या रिमोट लॉगिनपाशी.

लायब्ररीने वर्गणी भरलेली जर्नल्स घरून उघडायची तर हे लॉगिन लागतं, आणि मी राहते कॅम्पसपासून दीडशे किलोमीटरवर. फॉर्म एका पानाचा. मार्गदर्शक, विभागप्रमुख आणि ग्रंथपाल, तिघांच्या सह्या. पहिल्या दोन एका सकाळीच झाल्या. फॉर्म आवक नोंदवहीत चढला आणि तिथेच थांबला. आठवड्याने फोन केला तर, "मॅडम, सर ट्रेनिंगला गेलेत, सोमवारी बघा." सोमवारी पहाटेची एसटी धरून गेले. फॉर्म त्याच ट्रेमध्ये, वर पिवळी चिठ्ठी: 'संस्थेचा ईमेल नाही'. मी जीमेलचा पत्ता दिला होता. फॉर्मवर नुसतं 'ईमेल' एवढंच छापलेलं आहे! संस्थेचा ईमेल कम्प्युटर सेंटर देणार, त्यासाठी चालू वर्षाचं ओळखपत्र हवं, आणि ते फीची पावती दाखवून पलीकडच्या इमारतीत. ओळखपत्र हातात आलं तेव्हा लॅमिनेशन अजून गरम होतं. धावत परत आले तर खिडकी बंद झालेली. परतीच्या एसटीत मला रडू फुटलं. फॉर्मवर माझा मोबाइल नंबर ठळक लिहिलेला होता, एक फोन केला असता तर ही खेप वाचली असती. याचा राग अजून गेलेला नाही. लॉगिन मिळालं सव्विसाव्या दिवशी.

तेव्हा ओळखपत्र, संस्थेचा ईमेल आणि फीची पावती आधी तयार ठेवा. आवक क्रमांकाचा फोटो काढा. फोनवर तो सांगितला की समोरचा माणूस निदान नोंदवही उघडतो.

लॉगिनची वाट बघत मी दोन आठवडे काहीच केलं नाही, तसं करू नका. पबमेड (वैद्यकीय पेपरांचा डेटाबेस) आणि शोधगंगा (भारतातल्या पीएचडी प्रबंधांचा संग्रह) दोन्ही मोफत आहेत. पबमेडवर नुसतं 'डेथ' आणि 'एजिंग' टाकलं की पेशींचा मृत्यू आणि म्हातारे उंदीर यांचेच पेपर येत राहतात. तिथल्या मेश या विषयसूचीतले शब्द घ्या: 'ॲटिट्यूड टू डेथ', 'टर्मिनल केअर', 'पॅलिएटिव्ह केअर'. इच्छामरणपत्रावर (शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेलं पत्र) शोधायचं तर 'ॲडव्हान्स डायरेक्टिव्ह' आणि 'लिव्हिंग विल' दोन्ही टाका. अशा पत्राला मान्यता देणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८च्या निकालानंतर आणि २०२३मध्ये अटी सैल झाल्यावर आपल्याकडे यावर बरंच लिहिलं गेलं आहे.

पबमेडचा ज्येष्ठांसाठीचा वयाचा फिल्टर मात्र लावू नका. तो ६५पासून सुरू होतो, आणि आपल्या २००७च्या कायद्यात ज्येष्ठ नागरिक ६०पासून. शिवाय मेशचं लेबल न लागलेले पेपर त्यातून गळतात, आणि भारतातले कितीतरी पेपर तसेच असतात. 'एजिंग'च्या ब्रिटिश स्पेलिंगमध्ये एक 'ई' जादा असतो, म्हणून इतर डेटाबेसमध्ये दोन्ही स्पेलिंग मध्ये 'ऑर' घालून लिहा. शोधगंगेवर मराठी प्रबंधांसाठी 'वृद्ध', 'ज्येष्ठ', 'वार्धक्य' वेगवेगळे टाकून पाहिले, दर वेळी यादी वेगळी आली.

आकडेवारी हवी असेल तर मुंबईच्या आयआयपीएस या लोकसंख्या अभ्याससंस्थेचं लासी हे वार्धक्यावरचं देशव्यापी सर्वेक्षण बघा. २०१७-१८च्या पहिल्या फेरीत ४५ वर्षांवरची माणसं आणि त्यांचे कुठल्याही वयाचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून जास्त जण आहेत.

पेपर पैशाशिवाय उघडत नसेल तर लेखकाला सरळ ईमेल करा. मी चौघांना लिहिलं, तिघांनी पीडीएफ पाठवली, एकाने तर रात्री अकरा वाजता.

आणि हो, कुठल्या डेटाबेसमध्ये, कुठल्या तारखेला, नेमके कोणते शब्द टाकले आणि किती पेपर आले, हे त्याच दिवशी वहीत लिहा. माझ्या पहिल्या आठवड्याची नोंदच नव्हती, मार्गदर्शक मॅडमनी तो सगळा शोध पुन्हा करायला लावला.