दुकानातल्या पोरानं

रविवार, रात्री पावणेबारा

दादाचा फोन संध्याकाळी सहाला आला. आईच्या गोळ्यांचं झालं, गच्चीच्या गळतीचं झालं आणि ठेवता ठेवता त्यानं विचारलं, "बेबी, झाला का तुझा कॉम्प्युटर? कोणी जोडून दिला?"

मी म्हटलं, "दुकानातल्या पोरानं."

विचार करून नाही म्हटलं, तोंडातून आलं. तो "बरं" म्हणाला, फोन ठेवला. मी कांदा चिरायला घेतला आणि अर्ध्यावरच हात थांबला. दुसऱ्याला वाईट वाटू नये म्हणून मी आयुष्यात बरंच खोटं बोललेय, त्याची मला लाज नाही. पण हे खोटं कोणासाठी होतं? कोणाचंच काही वाचलं नाही, माझं मात्र गेलं. सहा तास झाले, तेच डोक्यात आहे.

दुकानातल्या पोरानं एकही स्क्रू फिरवलेला नाही.

लॅमिंग्टन रोडला मी एकटी गेले. डोंबिवलीहून दादर, तिथून स्लो पकडून ग्रँट रोड. यादी कागदावर होती, दीड महिना खोडून खोडून केलेली: रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, बी५५० मदरबोर्ड, आठ-आठ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम, साठवणीसाठी ५०० जीबीची एनव्हीएमई डिस्क, ५५० वॉटचा पॉवर सप्लाय आणि दिवेबिवे नसलेलं साधं कॅबिनेट. जुन्यावर विंडोज ११ चढणार नव्हतं आणि १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, नेमके दिवाळी अंक हातावेगळे करायच्या धांदलीत. अंक कसेबसे त्याच्यावरच काढले. जुना यांनी आणला होता, २०११ मध्ये. ते आज लिहीत नाही.

काउंटरवरच्या माणसानं यादी वाचली, माझ्याकडे बघितलं. "बेटे के लिए? गेमिंग?"

मी म्हटलं, "भांजे के लिए."

हे लिहिताना आत्ता आठवलं. म्हणजे दादापाशी बोलले ते पहिलं नव्हतंच. तो पुढे म्हणाला, लड़का इधर ही फिट करके देगा, फ्री में. मी म्हटलं, नको, भाच्याला स्वतः जोडायची हौस आहे. महिनाभर रात्री जागून व्हिडिओ बघितले मी, हौस माझी, आणि ज्याला यातलं काहीच माहीत नाही त्या भाच्याच्या नावावर ती टाकून मोकळी झाले. त्यामुळे पैसेही वाचले नाहीत. पैशांसाठी केलंच नव्हतं.

पण मग गाडीत काय झालं? परतीच्या लोकलमध्ये लेडीज डब्यात कॅबिनेटचा खोका पायांशी उभा धरून बसले होते. समोरची बाई, कळव्याला उतरणारी, म्हणाली, काय आहे हो एवढं? आणि मी तिला घडाघडा सांगितलं. कॉम्प्युटर आहे, सुटे भाग घेतलेत, घरी मी जोडणार आहे. ती म्हणाली, "जमेल?" मी म्हटलं, "जमेल." किती सहज म्हटलं! तिनं मान डोलावली, खोका हातानं सावरून धरला आणि ठाणं येईपर्यंत तिच्या मुलीच्या दहावीबद्दल बोलत राहिली. म्हणजे मी बुजरी आहे असंही नाही. अनोळखी बाईला सांगता येतं, आणि दादाला नाही.

तीन संध्याकाळी लागल्या. पहिल्या संध्याकाळी मी फक्त मॅन्युअल वाचलं, प्रूफ वाचते तसं, पट्टी ठेवून, ओळीखाली ओळ. दुसऱ्या संध्याकाळी जेवणाचं टेबल पुसून कोरडं केलं, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली वीज उतरवली आणि प्रोसेसर डबीतून काढला. त्याच्या पोटाला १३३१ पिना आहेत. एक वाकली की संपलं. बाजूची दांडी उचलायची, कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा आणि नुसता ठेवायचा. दाबायचा नाही. बरोबर ठेवला तर तो आपल्याच वजनानं आत उतरतो. उतरला. मी दांडी खाली केली आणि खुर्चीत बसून पाणी प्यायले.

त्या त्रिकोणापाशी मला अप्पा आठवले होते, आमचे वडील. छपाईच्या खिळ्याला, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षराला, खाच असते ना, तशी ती खूण. अप्पा स्टिकमध्ये, ओळ जुळवायच्या हातातल्या पट्टीत, खिळे लावताना बघायचेही नाहीत. अंगठा खाचेवरून फिरला की खिळा सुलटा की उलटा ते बोटाला कळायचं. गिरगावातल्या त्या छापखान्यात मी डबा घेऊन जायची आणि दारातच उभी राहायची. दादा सुट्टीत आत स्टुलावर बसायचा. मला मात्र खिळ्यांच्या खणांच्या पेटीबद्दल, "केसला हात नको लावूस, खिळे मिसळतील." मिसळले असते का, कोण जाणे. शिसं हाताला लागतं, मुलीला नको, असंही असेल त्यांच्या मनात. त्यांनी कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही.

लॅमिंग्टन रोडवरून तो छापखाना चालत जाण्याइतका जवळ होता. त्या दिवशी हातात खोका होता म्हणून गेले नाही. बहुतेक म्हणूनच गेले नाही.

प्रोसेसरवरचा पंखा बसवणं मात्र अवघड गेलं. मदरबोर्डवर आधीच लावलेले प्लॅस्टिकचे दोन तुकडे काढावे लागतात आणि त्यांचे चार स्क्रू काढले की मागची लोखंडी पट्टी खाली पडते, कारण तिला धरून ठेवणारे तेच चार स्क्रू असतात. हे मॅन्युअलमध्ये नव्हतं. पट्टी खण्णकन टेबलावर पडली तेव्हा मला वाटलं, काहीतरी तुटलं. मग एका हातानं पट्टी खालून दाबून धरायची, दुसऱ्या हातानं पंखा वरून टेकवायचा आणि तिसरा हात स्क्रू पिळायला हवा. शेवटी पट्टीखाली दोन जाड शब्दकोश ठेवले, त्यावर बोर्ड, आणि समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीनं थोडे थोडे पिळले. इथे दोन माणसं असती तर... असो.

बोर्ड कॅबिनेटमध्ये बसवून नऊ स्क्रू लावले आणि मग लक्षात आलं, मागच्या खिडकीची पत्र्याची चौकट खोक्यातच राहिली. ती आधी बसवायची असते. नऊच्या नऊ स्क्रू परत काढले. रडू नाही आलं. उलट त्या वेळी मला फार शांत वाटत होतं. छपाईच्या पानांचा एखादा फॉर्म चुकला की ती पानं परत ओढायची असतात, ही सवय आहे मला.

रडू आलं ते तिसऱ्या रात्री. सगळं लागलं होतं, २४ पिनांची मोठी केबल, वरच्या कोपऱ्यातली प्रोसेसरची आठ पिनांची, समोरच्या बटणाच्या त्या केसाएवढ्या वायरी, ज्या भिंगातून बघून लावल्या. बटण दाबलं. पंखे फिरले. स्क्रीन काळी. मिनिट झालं, पाच झाली. बंद केलं, परत लावलं. काळीच. साडेअकरा वाजले होते. मी फरशीवर बसले आणि मनात आलं ते सगळं आलं. बावन्नाव्या वर्षी हे कोणी सांगितलं होतं? त्या मुलानं फुकट जोडून दिला असता. वॉरंटी गेली असेल. उद्या दादाला फोन करावा लागेल, तो येईल, एक सुस्कारा सोडेल, बाही वर करेल. यांच्या वेळीही तसंच. प्रिंटर अडला, मोडेम अडला की मी बाजूला उभी, हातात टॉर्च. घरातल्या प्रत्येक बंद डब्यापुढे मी टॉर्च धरूनच उभी राहिलेय आणि उजेड कुठे पाडायचा तेही मला दुसऱ्यानं सांगितलंय.

किती वेळ बसले होते माहीत नाही. उठले ती पाय आखडला म्हणून. आणि उठताना बोर्डाच्या कडेला एक बारीक दिवा दिसला. चार दिवे असतात तिथे ओळीनं, प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स, बूट. जिथे गाडी अडली तो पेटून राहतो. रॅमचा पेटला होता. मॅन्युअलमध्ये वाचलं होतं की हे! पट्टी ठेवून वाचलं होतं.

स्विच बंद केला, प्लग काढला, टॉर्च घेतली. या वेळी माझी मीच धरली, तोंडात. दोन्ही रॅम बरोबर खाचेत होत्या, दुसऱ्या आणि चौथ्या, प्रोसेसरकडून मोजून. वरच्या टोकाला खिटी बसलेली होती, म्हणून मला वाटलं होतं बसली. पण खालच्या टोकाला खिटी नसतेच, आणि तिथे एक पट्टी केसभर वर होती. केसभरच. अंगठ्यानं दाबली. इतका जोर लावायचा धीर पहिल्यांदा झाला नव्हता, तुटेल म्हणून. टक्.

बटण दाबलं आणि स्क्रीनवर अक्षरं आली.

बायोसचं, विंडोजच्याही आधी येणारं, ते साधं पान. प्रोसेसरचं नाव, १६ जीबी, २४०० मेगाहर्ट्‌झ. रॅम ३२००ची असून २४०० दाखवतेय म्हणून एक्सएमपी, रॅम पूर्ण वेगानं चालवायची ती सेटिंग, चालू केलं, तर ३२०० झाली. रात्री पाऊण वाजता मी ते पान वर-खाली वाचत होते. सांगायला कोणी नव्हतं. मधुराकडे, माझ्या लेकीकडे, तेव्हा दुपार असते, पण कामावर असते ती. म्हणून मी चहा केला आणि कॅबिनेटचं झाकण उघडं ठेवूनच त्याच्यासमोर बसून प्यायले.

ही एवढी मोठी गोष्ट मी संध्याकाळी दोन शब्दांत दुसऱ्याला देऊन टाकली. का?

पहिल्यांदा वाटलं, दादा हसेल म्हणून. पण तो हसला नसता. मग वाटलं, तो चौकशी करेल, अर्थिंग तपासलंस का, बिल घेतलंस का, आणि माझा आनंद त्याच्या प्रश्नांची उत्तरं देण्यात संपेल. यात थोडं खरं आहे. पण सगळं नाही. त्यानं विचारलं "कोणी जोडून दिला", त्या प्रश्नात माझ्यासाठी जागाच नव्हती आणि मी ती मागितली नाही. प्रश्नाला रिकामी जागा होती तिथे बसेल असं उत्तर दिलं. अंकांच्या श्रेयनामावलीतही तेच करते मी. अक्षरजुळणी, पुढे दोन टिंबं, पुढे संस्थेचं नाव. इतकी वर्षं ती ओळ मीच टाइप करतेय. एकदाही मनात आलं नाही की इथे माझं नाव बसेल का, किती पॉइंटात बसेल. कोणी नाही म्हटलेलं नाही. मी विचारलेलंच नाही. छापखान्याच्या दारात उभी राहायची तशीच.

पण मग कळव्याची ती बाई? तिनं "काय आहे" एवढंच विचारलं होतं. "कोणी" नव्हतं विचारलं.

हे लिहून झाल्यावर जरा हलकं वाटतंय. दादावरचा रागही गेला. तो तरी काय करणार, चाळीस वर्षं त्यानं जी बेबी बघितली तिलाच तो विचारणार. आणि दुसरी बेबी त्याला कोण दाखवणार होतं, मीच ना.

साडेनऊला त्याचा मेसेज आलाय. "त्या पोराचा नंबर पाठव. आमच्या ऑफिसातला पण बदलायचाय, त्याच्याकडूनच जोडून घेऊ." अडीच तास तो तसाच आहे, मी उघडून वाचलेला त्याला दिसत असणार.

आत्ता उत्तर पाठवलं. आधी मोठं लिहिलं होतं, तिसऱ्या रात्रीचंही लिहिलं होतं, ते खोडलं. एवढंच ठेवलं: "पोरगा नाही. मी जोडला. तुमचाही जोडीन. शनिवारी सामान घेऊन ये."

जागा होता. लगेच आलं. "बरं."

क्षणभर लागलंच मला. पण दादा माझ्या दहावीच्या निकालाला "बरं" म्हणाला होता, मधुरा झाली तेव्हा "बरं" म्हणाला होता आणि यांच्या वेळी हॉस्पिटलच्या जिन्यात माझ्या पाठीवर हात ठेवूनही "बरं, बरं" एवढंच म्हणत होता. त्याच्याकडे तो एकच शब्द आहे आणि तो सगळीकडे वापरतो.

उद्या सकाळी फोन करून एक सांगायलाच हवं. ५६०० घेऊ नकोस, ५६००जीच घे. नावात फरक एका अक्षराचा, पण जी नसलेल्यात ग्राफिक्स नसतं. वेगळं कार्ड लावलं नाही तर पंखे फिरतील आणि स्क्रीन काळीच राहील, आणि ते कितीही दाबलं तरी सुटणार नाही. आणि पट्टीखाली ठेवायला शब्दकोश माझ्याकडे आहेत, ते आणू नकोस.