आमची वाटचाल : बारा थाऊचा धंदा

तुम्ही नक्की काय करता, असं कुणी विचारलं की मी सांगतो, आम्ही ढिलेपणा काढतो. लोक हसतात. एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा मालक हसत नाही. पेडल सोडल्यावर आरपीएम एकदा आठशे, एकदा चौदाशे, आणि आपण बॉनेट उघडून कार्बचा, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरचा, मिक्श्चरचा नट पिळतोय, हे त्याने भोगलेलं असतं.

सुरुवात दोघांची, मी आणि माझा भागीदार. गाड्यांचं मी बघायचो, लेथ त्याची. एमजीबी १९६२ ते १९८० बनली, पण आमच्याकडे यायच्या त्या बहुतेक जुन्या, एसयू कंपनीचे दोन एचएस-४ कार्ब असलेल्या. स्पिंडल, म्हणजे हवेची चकती (बटरफ्लाय) फिरवणारा आस, ५/१६ इंची, बॉडी अ‍ॅल्युमिनियमची. रिटर्न स्प्रिंग वर्षानुवर्षं एकाच बाजूला ओढते, भोक लंबगोल होतं आणि तिथून हवा चोरून आत शिरते. मग मिक्श्चर कितीही लावा. दोन्ही बाजूंची भोकं एका रेषेत मोठी करून बुश, म्हणजे छोटी नळी, बसवायचं, हे खरं काम. त्यासाठी आम्ही एक लांब रीमर, म्हणजे भोक नेमक्या मापाला मोठं करणारं हत्यार, बनवून घेतला. एका भोकात टेकायचा, समोरचं कापायचा. तेलाच्या फडक्यात गुंडाळून लाकडी पेटीत ठेवायचो, आणि त्याला कुणी हात लावलेला मला खपायचं नाही.

नंतरची आठ-नऊ वर्षं काम होतं, पोट भरत होतं.

मग तो गेला. गेला तो रीमर आणि फोन नंबरांची वही घेऊन. जवळच शेड टाकली आणि बोर्ड लावला, 'एका दिवसात बुश'. आम्हाला चार दिवस लागायचे. गिऱ्हाइकाला कोण समजावणार? आठ महिने माझ्याकडे नेमाने येणारी गाडी एकच, आमच्या डॉक्टरांची. ऑइल बदलायला आणायचे, आणि डिपस्टिक काढून बघावं तर ऑइल अजून मधासारखं. मी काही बोललो नाही. तेही बोलले नाहीत. त्याच महिन्यांत मी ड्रिलिंग मशीन विकलं.

त्याच्याकडून बिघडून आलेली पहिली गाडी अर्ध्या रेसवर अडकत होती. उघडून बघतो तर रीमर वापरलाच नव्हता! दोन्हीकडून हातड्रिल मारलेलं, बुश एका रेषेत नाहीत, गरम झालं की स्पिंडल आवळायची. दुसऱ्या गाडीत बटरफ्लायचे जुनेच स्क्रू परत लावलेले, मागची चिरलेली टोकं न फाकवता. त्यातला एक इंजिनने गिळला होता. वर त्या मालकाला सांगितलं होतं, आधीच्याने वाट लावली. आधीचा म्हणजे मी. इतकी वर्षं कुठे बोललो नाही, आज लिहितोय.

न विचारता सांगतो. रेस परत येत नाही म्हणून कडक स्प्रिंग लावू नका, झीज आणखी वेगाने होते. सांध्यांना महिन्यातून एकदा थेंबभर तेल द्या. आणि कार्बला हात लावण्याआधी दोन कार्बमधला दांडा बघा. त्याच्या लिव्हरची पिन कार्बच्या काट्यात खेळते. पेडल सोडलेलं असताना पिन आणि काट्याची खालची कड यांत बारा थाऊ, म्हणजे इंचाचे बारा हजारांश, फट हवी, दोन्हीकडे सारखी. नसेल तर एक कार्ब आधी उघडतो, दुसरा मागून येतो. काटाच खाल्लेला असेल तर फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पाती, काहीही दाखवेल. आधी काट्यात वेल्डिंग भरून घासून घ्या.

डॉक्टरांची गाडी परवाच आली होती. काटे झिजलेत, पिना बदलल्या. स्पिंडल मात्र बोटांत धरून हलवून बघितली, सतरा वर्षांपूर्वीच्या बुशात तसूभर प्ले नाही. डॉक्टर म्हणाले, "मग आता पुढचं तुम्हाला कधी दाखवायचं?" मी म्हटलं, ऑइल बदलायला या.

रीमर नवा करून घेतला. जुना अजून त्याच्याकडेच आहे. निम्मे पैसे माझे होते.