समोरच्या दारावरचा मेझुझा

टेक्ससमधल्या सॅन अँटोनिओला राहायला आलो त्याच आठवड्यात समोरच्या घराच्या दारावर मला मेझुझा दिसला. बोटभर लांबीची, चांदीच्या रंगाची डबी, ज्यू लोक दाराच्या चौकटीवर लावतात ती. मराठी घरात ही वस्तू सहसा कुणी ओळखणार नाही, पण माझं लहानपण ठाण्यात टेंभी नाक्यापाशी गेलं. १८७९ सालचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, घरापासून हाकेच्या अंतरावर आणि शेजारचं बिऱ्हाड बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचं. काकू घराबाहेर पडताना चौकटीवरच्या डबीला बोटं टेकवून ओठांना लावायच्या. मला ते उंबऱ्याला नमस्कार केल्यासारखं वाटायचं. त्यामुळे इथे मी नवऱ्याला छातीठोकपणे सांगून टाकलं, "समोर ज्यू राहतात."

रविवारी सकाळी समोरचं सगळं कुटुंब बायबल घेऊन चर्चला निघालं.

नंतर ओळख झाली. बाई निवृत्त शिक्षिका, अत्यंत प्रेमळ. मी आजारी असताना तीन दिवस सूप आणून देणाऱ्या. घरात सात फाट्यांचा पितळी दीपवृक्ष, शुक्रवारी संध्याकाळी मेणबत्त्या, आणि दिवाणखान्यात भिंतीवर एडक्याचं लांब वळणदार शिंग. शोफार. मराठी बायबलात त्याला रणशिंग म्हटलंय. मेझुझा त्यांनी जेरुसलेमच्या सहलीतून आणलेला. दरवर्षी शरद ऋतूत, ज्यूंच्या मंडपांच्या सणाला, जगभरातले हजारो ख्रिस्ती तिथे जमतात आणि रस्त्यातून मिरवणूक काढतात. १९८० पासून हे चालू आहे. इस्रायलने त्या वर्षी अख्खं जेरुसलेम आपली राजधानी असल्याचा कायदा केला, बऱ्याच देशांनी निषेध म्हणून आपल्या वकिलाती तेल अवीवला हलवल्या, तेव्हा काही ख्रिस्ती मंडळींनी तिथे स्वतःचीच 'ख्रिश्चन एम्बसी' उघडली. सगळी राष्ट्रं मंडपांचा सण पाळायला जेरुसलेमला येतील, असं जखऱ्याच्या पुस्तकात आहे, त्याचा आधार.

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी बाईंनी मला त्यांच्या चर्चमधल्या सेडरला नेलं. सेडर म्हणजे वल्हांडण सणाचं रात्रीचं विधिवत जेवण, मिसरच्या गुलामीतून सुटल्याची आठवण. हॉलमध्ये गोल टेबलं, कागदी ताटल्या, एचईबी या दुकानातून आणलेली मात्झाची, म्हणजे बिनखमिराच्या पातळ भाकरीची, खोकी. चार प्याले दारूचे असतात, इथे द्राक्षाचा रस, कारण चर्चमध्ये दारू चालत नाही. सफरचंद-अक्रोडाचं गोड मिश्रण होतं. काकूंकडे त्या जागी खजुराचा रस आटवून केलेला दाट पाक असायचा आणि तो आम्ही शेजारची पोरं बोटाने चाटून खायचो.

बाईंनी मात्झा उचलून दिव्यासमोर धरला. "ही भोकं बघ, खिळ्यांची. हे करपलेले पट्टे, चाबकाचे वळ." तीन मात्झा म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. मधला मोडायचा, पांढऱ्या रुमालात गुंडाळून लपवायचा आणि मुलांनी शोधून काढायचा: पुत्राचं मरण, दफन, पुनरुत्थान. एखाद्या मुरलेल्या कीर्तनकाराला शोभेल अशी ही जुळणी आहे आणि ऐकताना अंगावर काटा येतो, खोटं कशाला बोलू. फक्त काकूंच्या घरच्या गोष्टीत येशू कुठेच नव्हता. मोशे होता, फारो होता, पिठाला फुगायलाही वेळ न देता पळून निघालेली माणसं होती. शिवाय सेडरचं आजचं रूप घडलं ते बरंचसं रोमनांनी इसवी सन ७० मध्ये मंदिर पाडल्यानंतर. मंदिर नाही, बळी देता येत नाही, मग सण घरातल्या ताटावर आला. येशूचं शेवटचं भोजन त्याच्या कितीतरी आधीचं.

रविवारी ईस्टरचं जेवण बाईंकडेच होतं. मधात भाजलेली डुकराची मांडी.

हे सगळं मी ऑफिसात एका ज्यू सहकाऱ्याला हसत हसत सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "माझ्या आजीच्या ताटात कुणीतरी स्वतःचा देव वाढून ठेवलाय." मग त्याने जे सांगितलं ते मला पुस्तकातून माहीत होतं, पण कुणाच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. युरोपात शेकडो वर्षं ईस्टरच्या आठवड्यात ज्यू दारं लावून बसत, कारण चर्चमधून प्रवचन ऐकून बाहेर पडलेला जमाव कधी येईल याचा नेम नसे. ज्यू लोक मात्झाच्या पिठात ख्रिस्ती मुलांचं रक्त कालवतात, ही बदनामी तर विसाव्या शतकापर्यंत टिकली. आणि आता त्याच मात्झात ख्रिस्ताचं शरीर दिसतंय. अमेरिकेतल्या कॅथलिक बिशपांनी १९८८ मध्येच बजावलं होतं की सेडरला बाप्तिस्मा देऊ नका. चर्चांनी ते किती ऐकलं ते मी पाहिलंच.

"पण द्वेषापेक्षा हे बरं ना?" मी विचारलं. तो म्हणाला, "बरं आहे. पण प्रेम माझ्यावर नाहीये. त्यांच्या पुस्तकातल्या ज्यूवर आहे. मी त्या ज्यूसारखा वागलो नाही की पंचाईत."

ती पंचाईत काय, हे समजायला आमचं शहर उत्तम. पाद्री जॉन हेगी यांचं कॉर्नरस्टोन चर्च इथलंच. १९८१ मध्ये इस्रायलने इराकची अणुभट्टी उडवली, जगभर टीका झाली, आणि हेगींनी सॅन अँटोनिओत इस्रायलच्या सन्मानार्थ रात्रीचा कार्यक्रम भरवला. तो पुढे दरवर्षीचा झाला. २००६ मध्ये त्यांनी 'ख्रिश्चन्स युनायटेड फॉर इस्रायल' ही संघटना काढली, तिचा दावा एक कोटीहून जास्त सदस्यांचा. अख्ख्या अमेरिकेत ज्यू पाऊण कोटीच्या आसपास आहेत, म्हणजे ज्यूंपेक्षा ज्यूंचे कैवारी जास्त. मे २०१८ मध्ये अमेरिकेची वकिलात जेरुसलेमला गेली तेव्हा समारोपाची प्रार्थना हेगींनी म्हटली. ऑगस्ट २०२० मध्ये ट्रम्प एका सभेत बोलूनच गेले की राजधानीचं ते काम आपण इव्हँजेलिकल, म्हणजे हेगींसारख्या कट्टर प्रोटेस्टंट, लोकांसाठी केलं आणि त्याचा आनंद ज्यूंपेक्षा त्यांनाच जास्त झाला. त्याआधी वर्षभर, डेमोक्रॅटिक पक्षाला मत देणारे ज्यू एकतर अज्ञानी किंवा बेइमान, असंही ते म्हणाले होते. बहुसंख्य अमेरिकन ज्यू त्याच पक्षाला मत देत आलेत. माझ्या सहकाऱ्याला सगळ्यात झोंबलं ते हेच. "माझा जन्म ओहायोतला. मी बेइमान झालो ते नक्की कुणाशी?"

बाईंच्या लेखी गोष्ट सरळ आहे. देव अब्राहामाला म्हणाला, तुला आशीर्वाद देतील त्यांना मी आशीर्वाद देईन. म्हणून इस्रायलच्या बाजूने मत. भिंतीवरचं शिंग यजमान निवडणुकीच्या आदल्या रात्री अंगणात फुंकतात. ६ जानेवारी २०२१ ला वॉशिंग्टनमध्ये संसदेवर जमाव चालून गेला तेव्हाही गर्दीत अशी शिंगं वाजत होती. बाईंचे यजमान तिथे नव्हते, टीव्हीसमोर होते. एकदा मी बाईंना धीर करून विचारलं, तुमच्या भविष्यवाणीत शेवटी ज्यूंचं काय होतं? मोठं युद्ध, त्यात बहुतेक जण मरतात आणि उरलेले ख्रिस्ताला शरण जातात, असं ना? त्यांनी माझा हात हातात घेतला. "ते देवाच्या हातात आहे, हनी."

निष्ठेचा हा आग्रह कधी कधी सरकारी फॉर्मवरही उतरतो. २०१७ मध्ये टेक्ससने इस्रायलवर बहिष्कार घालणाऱ्यांना सरकारी कंत्राट न देण्याचा कायदा केला. त्याच वर्षी हार्वी वादळात ह्यूस्टनजवळचं डिकिन्सन गाव पाण्यात बुडालं, आणि घरदुरुस्तीच्या मदतीच्या अर्जावर छापून आलं: मी इस्रायलवर बहिष्कार घालत नाही, घालणार नाही. छप्पर उडालेल्या माणसाने हे लिहून द्यायचं. बोंबाबोंब झाल्यावर गावाने ते कलम काढलं. एका शाळेत मुलांच्या उच्चारदोषांवर उपचार करणाऱ्या बाईंनी करारावर सही नाकारली आणि कोर्टात गेल्या, तेव्हा २०१९ मध्ये कायदा दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांपुरता आणि एक लाख डॉलर किंवा त्याहून मोठ्या कंत्राटांपुरता राहिला.

आणि याच राज्यात, ह्यूस्टनमध्ये, १२ सप्टेंबर १९६० ला जॉन केनेडींना प्रोटेस्टंट पाद्र्यांच्या सभेपुढे उभं राहून सांगावं लागलं होतं की मी कॅथलिक आहे, पण पोपचा हुकूम घेऊन राज्य करणार नाही. रोमकडे बघणारा माणूस तेव्हा संशयित होता. आज जेरुसलेमकडे बघितलं नाही तर संशय येतो.

आपण मराठी माणसांनी यावर फार नाक मुरडू नये. पितृभू आणि पुण्यभू ही जोडी सावरकरांनी १९२३ मध्ये मांडली: ज्याची पुण्यभू बाहेर, त्याच्या निष्ठेत फट. हे वाक्य मी अनेक दिवाणखान्यांत ऐकलंय, अगदी टेक्ससमधल्या दिवाणखान्यांतही, अमेरिकन पासपोर्ट खिशात असलेल्या माणसांकडून. २२ सप्टेंबर २०१९ ला ह्यूस्टनच्या स्टेडियममध्ये पंतप्रधानांना ऐकायला सुमारे पन्नास हजार भारतीय जमले. माझा नवराही गेला होता, ढोलताशा ऐकून खूश होऊन आला. आमची पुण्यभू कुठली, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही.

काकूंची पुण्यभू जेरुसलेमच होती, पण ठाण्यात त्यावरून त्यांना कुणी हटकल्याचं मला आठवत नाही. तेलाच्या घाण्याचा धंदा आणि शनिवारी काम बंद, म्हणून कोकणाने त्यांच्या पूर्वजांना शनिवार तेली म्हटलं आणि विषय संपवला. मिशनऱ्यांनी मात्र प्रयत्न केले. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचं व्याकरण मराठीत लिहिलं, बेने इस्राएलांनी ख्रिस्ताकडे यावं या आशेने. ते हिब्रू शिकले आणि सिनेगॉगमध्ये जाऊन बसले. १८७४ मध्ये तर पुण्यात सेडरची पोथी मराठीत छापली, तिच्या चित्रात साडीतल्या बायका मात्झा लाटताहेत. काकूंकडे पोहे, गूळ, खोबऱ्याचा मलिदा एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावाने व्हायचा. अलिबागजवळ खंडाळ्याला त्याच्या घोड्याच्या टापेची खूण आहे, असं त्या सांगायच्या.

त्यांना हटकलं ते इस्रायलमध्ये. १९६२ नंतर तिथल्या धर्मपीठाने बेने इस्राएलांची लग्नं लावण्याआधी पिढ्यांची चौकशी मागितली. जेरुसलेममध्ये धरणं धरावं लागलं, तेव्हा १९६४ मध्ये प्रकरण निवळलं. काकू इस्रायलला राहायला गेल्या त्या १९९१ मध्ये, पण दिरांनी सांगितलेला तो अपमान त्या अजून विसरलेल्या नाहीत.

परवा मी त्यांना समोरच्या मेझुझाचा फोटो पाठवला. लगेच अश्दोदहून फोन.

"अगं, हा डाव्या चौकटीवर का? आत शिरताना उजव्या हाताला पाहिजे. आणि डबीत चर्मपत्र आहे का बघ, नाहीतर नुसतीच पेटी."

मी बाईंना सांगितलं. त्या हरखल्या, यजमान स्क्रूड्रायव्हर घेऊन आले. डबी उघडली तर आत जपानी कागदाची छापील सुरळी. ती त्यांनी तशीच ठेवली, डबी उजवीकडे लावली आणि मला विचारलं, या काकू कोण? मी सांगितलं, भारतातल्या ज्यू, आता इस्रायलला असतात. बाईंचे डोळे भरून आले. भारतातून परतलेले! ही तर भविष्यवाणी! त्यांनी काकूंचं नाव वहीत लिहून घेतलं, प्रार्थनेसाठी. मग हळूच विचारलं, "येशूबद्दल त्यांना कुणी सांगितलंय का?"

हे मी काकूंना कळवलं. उत्तर आलं, "विल्सनसाहेबांनीच सांगून झालंय म्हणावं. प्रार्थना करू दे. गुडघ्यांसाठीही करा म्हण, जिना चढवत नाही."